तिसऱ्या भागाचा पहिला क्रमांक

एकतीस वर्षं मी एका सरकारी कचेरीच्या निविदा विभागात काढली. रस्ते, गटारी, शाळांची कौलं, दवाखान्यांचे पंखे, एवढंच काय, एकदा माकडांच्या पिंजऱ्याचं दार, अशा शेकडो कामांचे तुलनात्मक तक्ते मी केले आणि त्यांतल्या एकावरही कुणाला बोट ठेवता आलं नाही. ज्यांनी ठेवलं त्यांचं बोट शाईनं निळं झालं, यापलीकडे काही निष्पन्न झालं नाही. अशा माणसावर निवृत्तीनंतर चौथ्या वर्षी पक्षपाताचा आरोप व्हावा, तोही भाजीच्या गाडीपाशी, आणि तोही एका सिनेमावरून, हे माझ्या ब्लडप्रेशरनं अजून मान्य केलेलं नाही.

तुफानराव कोण, हे आमच्या नाशिक रोडला सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. तुफानराव हा दिवसा एस. टी.चा कंडक्टर असतो आणि ड्यूटी संपल्यावर न्यायदान करतो. प्रत्येक भागाच्या शेवटी तो कुठल्या तरी उंच जागेवरून पडून मरतो आणि पुढच्या भागात डेपोत हजर होतो. असे पाच भाग झाले. सहावा जानेवारीच्या शेवटी येणार होता आणि त्याचा ट्रेलर डिसेंबरात आला, तेव्हा आमचं ‘तुफानराव रसिक मंडळ’ समाजमंदिरात जमलं. मंडळात तेवीस सभासद आहेत. नोंदणी झालेली नाही, पण माझ्या आग्रहामुळे शिक्का आहे.

ट्रेलर दोन मिनिटं अकरा सेकंदांचा. त्यावर चर्चा दोन तास दहा मिनिटं चालली. किशोर हा आमच्यातला तरुण, म्हणजे छत्तीस वर्षांचा. सिन्नरच्या एका कारखान्यात तो तपासणी विभागात आहे, जिथे नटबोल्टमध्ये केसाएवढा फरकही चालत नाही. त्यानं ट्रेलर एक्केचाळीस वेळा पाहिला होता.

“एक मिनिट सात सेकंदांवर थांबवतो,” तो म्हणाला. “आता हात बघा, काका.”

आम्ही हात पाहिला. हातात तिकिटाचं पंच होतं.

“डावा आहे.”

किशोरनं स्वतःचा उजवा हात वर करून दाखवला.

“तुफानराव पाचही भागांत उजव्या हातानं पंच करतो. म्हणजे हा तुफानराव नाहीच. जुळा भाऊ आहे.”

“किंवा उजवा मोडला असेल,” मनीषा मॅडम म्हणाल्या. त्यांनी अठ्ठावीस वर्षं आठवीला गणित शिकवलंय, त्यामुळे कुणी उत्तर दिलं की त्या आधी ते खोडतात. “पाचव्या भागात तो बससकट धरणाच्या भिंतीवरून पडला. एवढ्या उंचीवरून पडल्यावर हात मोडतो. मी हिशेब करून पाहिलाय. खरं तर कंडक्टरच उरत नाही.”

“मॅडम, ट्रेलरमध्ये सगळं दाखवतात तरी का हो?” माझ्या शेजारून गोटीराम कळवळून म्हणाला. “अपेक्षा वाढतात माणसाच्या.”

गोटीरामाच्या अपेक्षा हाच या कथेचा विषय आहे.

गोटीराम आणि मी एकाच कचेरीत लागलो, एकाच महिन्यात निवृत्त झालो आणि आता एकाच जिन्यावर समोरासमोर राहतो. तुफानरावाच्या तिसऱ्या भागात गोटीरामानं काम केलेलं आहे. चार सेकंद. बारा वर्षांपूर्वी सिन्नरच्या बाजारात शूटिंग झालं तेव्हा तो आमच्याच कचेरीतून तिकडे बदलीवर होता. डिसेंबरातली थंडी असल्यामुळे तो उन्हात उभा राहायला म्हणून बाजारात गेला, आणि कुणीतरी त्याच्या डोक्यावर हिरवा फेटा बांधून, हातात पाटी देऊन त्याला गर्दीत उभं केलं. हे मला पक्कं माहीत आहे, कारण एका तक्त्यावर त्याची सही राहिली होती म्हणून मी स्कूटरवरून तिथे गेलो होतो. सही घेऊन मी लगेच बाजूला झालो.

पण नशीब असं की, सिनेमा लागला त्या आठवड्यात निवडणुका. गोटीराम ड्यूटीवर डोंगरातल्या एका मतदान केंद्रात. तो मतदान यंत्रं जमा करून परत येईपर्यंत सिनेमा टॉकीजमधून उतरला होता. उतरणारच. तिसऱ्या भागात तुफानरावाची स्मृती जाते आणि तो अडीच तास टोमॅटो पिकवतो. एकही ठोसा नाही. पुढे निर्मात्याच्या दोन भावांचं भांडण लागलं आणि तो भाग टीव्हीवर नाही, मोबाइलवर नाही, कुठेच आला नाही. गोटीरामाकडे कुणीतरी टॉकीजमध्ये बसून चोरून काढलेली एक धुरकट फीत तेवढी आहे. बाजाराचा प्रसंग आला की तो ती थांबवतो, मोबाइल आपल्या नाकाशी आणतो आणि म्हणतो, “ते हिरवं दिसतंय ना? तो मी.”

आम्हाला हिरवं दिसतं. अकरा वर्षं आम्ही म्हणतोय, “वा, फेटा काय खुललाय!”

आता या वर्षी ते भाऊ भांडून दमले. सहाव्या भागाच्या आधी पाची जुने भाग परत द्यायचे, मात्र एका टॉकीजला एकच, आणि तोही रविवारी सकाळी नऊला, असं कंपनीनं ठरवलं. आमच्या भागातल्या टॉकीजचे चंदरशेठ त्या ट्रेलरच्या सभेला मुद्दाम आले होते. ते म्हणाले, “मंडळानं क्रमवारी लावून द्यावी. पहिला नंबर येईल तो मी लावतो. मला पाचही सारखेच. पॉपकॉर्न पाचहीला तेवढंच खपतं.”

 गोटीरामानं फक्त माझ्याकडे पाहिलं. निकालाच्या दिवशी नापास होण्याची खात्री असलेला मुलगा मास्तरांकडे बघतो, तसं.

क्रमवारीचं काम माझ्याकडे येणं स्वाभाविक होतं. मी कार्यपद्धती घालून दिली. प्रत्येक सभासदानं प्रत्येक भागाला दहापैकी गुण द्यायचे आणि चिठ्ठ्या मनीषा मॅडमकडे द्यायच्या. मॅडमनी भागांची नावं काढून त्यांना क, ख, ग, घ, च अशी अक्षरं द्यायची, गुण त्या अक्षरांखाली उतरवून कागद माझ्याकडे पाठवायचा आणि कुठलं अक्षर म्हणजे कुठला भाग हे वेगळ्या लखोट्यात मोहोरबंद करायचं. मी बेरजा करून क्रम लावायचा. क्रमाचं पत्र आणि लखोटा थेट चंदरशेठकडे. लखोटा त्यांनीच फोडायचा. निकाल जाहीर झाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकती स्वीकारल्या जातील, तोंडी नाही. पद्धत इतकी पारदर्शक होती की कुणालाच काही दिसत नव्हतं.

मी एका दुपारी बेरजा केल्या, तीनदा तपासल्या, क्रम लावला, शिक्का मारला आणि पाकीट पोचतं केलं. त्या दुपारी मला जी गाढ झोप लागली ती या प्रकरणातली शेवटची.

पुढच्या सोमवारी सकाळी मी दूध आणायला निघालो. थंडी होती म्हणून साधनानं, म्हणजे माझ्या बायकोनं, तिच्या हातचा स्वेटर माझ्या अंगावर चढवला. वीस वर्षं झाली त्याला. बाटलीहिरवा रंग, पाठीवर पिवळे शंकरपाळे. त्यातला एक मालिका बघता बघता विणल्यामुळे तिरपा गेलाय. साधना म्हणते तो तसाच असतो.

कोपऱ्यावर अंबूबाईंची भाजीची गाडी. अंबूबाईंची स्वतःची वाडी आहे, आणि आमच्या कॉलनीतल्या सगळ्या प्रश्नांवर त्यांचं मत असतं.

“दादा, थांबा की,” त्या मागून ओरडल्या. “पाठमोरं बी वळखू येता तुम्ही. त्यो वाकडा शंकरपाळा लांबून दिसतो.”

मी वळलो, आणि अंबूबाईंच्या डोक्यावरून मला समोरच्या भिंतीवरचं ताजं पोस्टर दिसलं. खळ अजून ओली होती.

‘नाशिककर रसिकांचा नंबर एक! तुफानराव, भाग तिसरा! रविवारी नव्हे, त्याच्या पुढच्या रविवारी, सकाळी ९.’ तुफानराव दोन्ही हातांत टोमॅटो घेऊन उभा होता. खाली आमच्या मंडळाचं नाव आणि, शिक्क्यासकट, माझी सही.

 तेवढ्यात किशोरची मोटारसायकल येऊन माझ्या पायाशी थांबली.

“काका, हे काय आहे?”

“पोस्टर आहे,” मी म्हणालो. सरकारी माणसानं माहिती तेवढीच द्यावी.

“मी तिसऱ्याला शून्य दिलंय. शून्य! मनीषा मॅडमनी उणे गुण चालतील का म्हणून विचारलं होतं. मंडळात या भागाला चांगलं म्हणणारा एकच माणूस आहे, आणि तो तुमच्या समोर राहतो.”

“तुला काय म्हणायचंय?”

“मी काही म्हणत नाही,” किशोर म्हणाला. “पण एकतीस वर्षं असंच चालायचं का, एवढंच विचारतो.”

एकतीस वर्षं! भाजीच्या गाडीपाशी! दोन बायका मेथी निवडायच्या थांबल्या.

“काय वो वाईट हाय तिसऱ्यात?” अंबूबाई मध्ये पडल्या. “लय चांगला हाय. टमाट्यावर करपा येतो तवा त्यो बरोबर औषध मारतो. बाकीच्यात काय, नुसती हाणामारी. पाचव्यात तर मेल्यांनी भरल्या कांद्याची चाळ पेटवली. आमाला नाय बघवलं. उठून आलो आम्ही.”

मी दूध न घेता घरी आलो आणि बेरजांचा कागद काढला. बेरजा बिनचूक होत्या. ‘ग’ला एकशे अठ्ठ्याण्णव, ‘क’ला एकशे सत्तर, असं करत शेवटी ‘घ’ला एकोणतीस. त्यात दहा गोटीरामाचे असणार, चार मी मैत्रीखातर दिले होते. आणि खाली माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: ‘प्रथम क्रमांक: घ’.

मी खुर्चीत बसलो. निविदेत ज्याचा आकडा सगळ्यात कमी, तो पहिला. एकतीस वर्षं मी सर्वांत कमी आकडा शोधून त्याच्यापुढे ‘प्रथम’ लिहीत आलो. त्या दुपारीही डोकं बेरजा करत होतं आणि हात नोकरी करत होता. मी सगळ्यात स्वस्त तुफानराव मंजूर केला होता.

साधनाला सांगितलं. ती दूध कुठाय म्हणाली. मग पुन्हा सांगितलं.

“म्हणजे गोटीरामभावजी दिसणार पडद्यावर?”

“तो प्रश्न नाही! माझ्या हातून चूक झालीय.”

“एकतीस वर्षांत तुम्ही पहिल्यांदा कुणाचं तरी भलं केलंत,” ती म्हणाली, “आणि तेही चुकून.”

मी तिच्याकडे दुर्लक्ष करून शुद्धिपत्रक लिहायला घेतलं. ‘शुद्धिपत्रक क्र. १. नजरचुकीने क्रमवारी उलट लागली असून प्रथम क्रमांक ‘घ’ऐवजी ‘ग’ असा वाचावा.’ तारीख घातली, सही केली, शिक्का मारला, घडी घालून खिशात ठेवलं. आता फक्त जाऊन द्यायचं.

दार उघडलं तर गोटीराम. हातात पेढ्यांचा खोका. डोळे ओले.

“काही बोलू नकोस,” तो म्हणाला. मी तोंड उघडलेलंच होतं. “मला माहितीये तू काय केलंस. मंत्र्याचा फोन आला तरी ज्यानं आकडा हलवला नाही, त्यानं माझ्यासाठी...”  त्यानं माझ्या उघड्या तोंडात पेढा घातला.

तोंडात अख्खा पेढा असताना माणसाला कबुलीजबाब देता येत नाही. पेढा संपेपर्यंत तो जिना उतरून सगळ्या मजल्यांवर वाटायला निघून गेला होता.

त्या आठवड्यात मी ब्लडप्रेशरचं यंत्र शेजारी घेऊनच बसत होतो. किशोरनं मंडळाच्या ग्रुपवर ‘माहितीच्या अधिकारात मूळ गुणतक्ता दाखवावा’ असं टाकलं. त्याला एकोणीस अंगठे आले. मनीषा मॅडमनी लिहिलं, ‘मी अक्षरं दिली, क्रम दिला नाही. माझ्याकडे बोट दाखवू नये.’ कुणीतरी मला ‘टोमॅटोचे जावई’ म्हटलं. खालच्या मजल्यावरच्यांनी सल्ला दिला की चार दिवस मुलीकडे जाऊन या. वरच्यांनी सल्ला दिला की तसं केलं तर पळून गेल्यासारखं दिसेल, तेव्हा जाऊन लगेच परत या. मी ग्रुपवर एकच ओळ टाकली: ‘हरकती लेखी व मुदतीत द्याव्यात.’ लेखी एकही आली नाही. लोकांना संताप फुकट करायचा असतो, अर्ज लिहायचा नसतो.

खरं सांगायचं तर सत्य सांगितलं की आरोप संपत होता. चूक झाली, वय झालं, एवढ्यावर मिटलं असतं. पण सत्य सांगितलं की पोस्टर उतरणार होतं. आणि समोरच्या दारातून रोज गुणगुणणं ऐकू येत होतं. गोटीरामानं केसांना कलप लावला होता. सगळ्या केसांना नाही, दिसणाऱ्या.

शुक्रवारी मी मन घट्ट केलं आणि चंदरशेठकडे गेलो. ते पॉपकॉर्नच्या यंत्राशी झटत होते.

“या साहेब. तिसरा भाग म्हटल्यापासून फोनवर फोन येतायत.”

“मागणीचे?”

“शिव्यांचे. बुकिंग अकराचं आहे. पन्नासच्या आत असलं तर कंपनी डिस्क उघडायचा नंबरच पाठवत नाही. मग खेळ आपोआप रद्द. पुढच्या शुक्रवारपर्यंत बघायचं, नाहीतर ती टमाटी उतरवायची.”

माझ्या खिशात हात होता आणि हातात शुद्धिपत्रक. आणि आता तर तेही द्यायची गरज नव्हती! खेळ रद्द. चूक गडप. अब्रू शाबूत. मी आयुष्यात देव नावाच्या अधिकाऱ्याचा इतका आभारी कधी झालो नव्हतो.

तेवढ्यात काचेतून बाहेर पाहिलं. गोटीराम पोस्टरपाशी उभा होता. नव्या शर्टात. एका रिक्षावाल्याच्या हातात मोबाइल देऊन तो फोटो काढून घेत होता, आणि पोस्टरवरच्या गर्दीत एक हिरवा ठिपका होता त्याच्याकडे बोट दाखवत त्या माणसाला काहीतरी समजावत होता. रिक्षावाला मान डोलावत होता. त्याला हिरवं दिसलं असणार.

“चंदरशेठ,” मी म्हणालो, “एकोणचाळीस लोक मी आणतो.”

हे शब्द माझ्या तोंडून निघाले हे मला घरी पोचल्यावर कळलं. यंत्रानं एकशे अडुसष्ट दाखवलं.

माणसानं आपल्याच चुकीची तिकिटं खपवत दारोदार फिरावं, यापरती मानहानी नाही. मी बेल वाजवायचो, लोक दार उघडायचे, आणि मी ‘शेतीप्रधान कौटुंबिक चित्रपट’ असं म्हणायचो. आठ जणांनी हो म्हटलं, त्यातले तीन मला घाबरून. शेवटी अंबूबाईंना गाठलं.

“आमच्या वाडीतल्या बायका आणते की,” त्या म्हणाल्या. “फुलांचा टेंपो सकाळी द्वारकेच्या चौकात खाली झाला का तसाच फिरवते. अठरा-वीस होतील. पर औषध मारायचं कापलं नाय ना?”

“एक मिनिटसुद्धा कापलेलं नाही,” मी म्हणालो. तीच तर भीती होती.

आणि उरलेली तिकिटं कुणी घेतली असतील? किशोरनं. ग्रुपवर त्यानं जाहीर केलं की क्रमवारीतल्या भ्रष्टाचाराच्या निषेधार्थ तो चौदा जणांसह काळ्या फिती लावून खेळाला हजर राहणार. मी घाबरत घाबरत चंदरशेठना विचारलं, निषेधवाले मोजायचे का?

“साहेब,” ते म्हणाले, “निषेधाचं तिकीट आणि कौतुकाचं तिकीट एकाच गठ्ठ्यातनं फाटतं.”

रविवारी टॉकीजमध्ये माझ्या उजवीकडे साधना, डावीकडे गोटीराम. त्यानं जुना हिरवा फेटा मिळाला नाही म्हणून नवा बांधला होता. मी स्वेटरमध्ये होतो आणि स्वेटरमध्ये घामानं भिजलो होतो. पुढे अंबूबाईंच्या बायका, मागे काळ्या फिती. अशा रीतीनं मी समर्थक आणि विरोधक यांच्या बरोबर मध्ये बसलो होतो.

पहिला तास तुफानराव नांगरट करतो. मागून हुर्यो व्हायचा, पुढून दाद यायची. करप्याच्या वेळी एक बाई उभी राहून ओरडली, “पानाच्या खालून मार रे, खालून!” आणि तुफानरावानं खरोखर खालून फवारलं, तेव्हा झालेल्या टाळ्यांत मला दोन काळ्या फितीही दिसल्या.

मध्यंतरानंतर बाजार आला. गोटीरामानं माझा हात धरला. 

“आता,” तो कुजबुजला. “जीप थांबली की डावीकडे.”

जीप थांबली. चाळीस फुटी पडद्यावर डावीकडे हिरवं आलं. मोबाइलवर ते नखाएवढं असायचं. इथे ते टेंपोएवढं होतं आणि अगदी स्वच्छ दिसत होतं. बाटलीहिरवं. त्यावर पिवळे शंकरपाळे. आणि मधोमध एक, तिरपा.

ती माझी पाठ होती.

माझ्या पाठीवरून फेट्याचा तुरा तेवढा हलत होता. बाकी सगळा गोटीराम माझ्याआड होता, पाटीसकट. एक सेकंद. दोन. मी लगेच बाजूला होईन म्हणून मी जीव मुठीत धरून वाट बघत होतो. मी हललो नाही.

“कोण हाय ह्यो आडवा?” पुढून आवाज आला.

“बाजूला सर की मेल्या! टमाटी दिसंनात!”

तिसऱ्या सेकंदाला माझ्या पाठीनं खिशातून पेन काढलं आणि फाइल पुढे धरली. चौथ्या सेकंदाला माझ्या काखेपाशी एक हात आला, त्यानं सही केली आणि तो परत गेला. जीप निघाली.

“अहो,” साधना सगळ्या टॉकीजला ऐकू जाईल असं म्हणाली, “तो तिरपाच आहे हो!”

मागे किशोर उठून उभा राहिला असावा. त्याचा आवाज वरून आला. एकदा पडद्याकडे, एकदा माझ्या पाठीकडे बघत, कारखान्यात बोलतात तशा आवाजात तो म्हणाला, “हात मात्र उजवा होता.”

पुढचा पाऊण तास गोटीराम पडद्याकडे बघत होता आणि मी गुडघ्यांकडे. खेळ संपला तेव्हा तो उठला, फेटा काढून घडी घातली आणि गर्दीतून निघून गेला. मी पोचेपर्यंत त्याची रिक्षा वळली होती.

मला पक्षपाती म्हटलं गेलं, ते मी सोसलं. पण आता आरोपच उलटला होता. ज्याच्यासाठी मी पक्षपात केला, निदान केला असं सगळे समजत होते, त्याच्यापुढे मी बारा वर्षांपूर्वीच आडवा उभा राहून मोकळा झालो होतो. सोमवारी समोरचं दार बंद. गुणगुणणं बंद. मी दोनदा बेलपर्यंत बोट नेलं आणि परत आणलं. यंत्रानं आकडा दाखवायचं सोडून नुसती रेघ दाखवली.

मंगळवार हा हरकतींचा शेवटचा दिवस. पाच वाजता मुदत संपत होती. पाचला पाच कमी असताना बेल वाजली.

गोटीराम होता. त्यानं आत न येता एक कागद पुढे केला. दोन प्रती.

“पोच द्या,” तो म्हणाला. पस्तीस वर्षांत त्यानं मला पहिल्यांदा अहोजाहो केलं.

मी उभ्यानं वाचलं. ‘विषय: क्रमवारीबाबत हरकत. महोदय, तिसऱ्या भागास दिलेला प्रथम क्रमांक चुकीचा असून सदर भाग पाचव्या म्हणजे अखेरच्या क्रमांकावर ठेवावा, ही विनंती. कारण: सदर भागात बाजाराच्या प्रसंगी अनावश्यक इसम आडवे येतात.’

हरकत मुदतीत होती. लेखी होती. कारण नमूद होतं. ती फेटाळता येण्यासारखी नव्हती. मी दुसऱ्या प्रतीवर तारीख, वेळ, सही केली, मग खिशातून शुद्धिपत्रक काढून त्याच्या हातात दिलं. पंधरा दिवसांत त्याच्या घड्या फाटायला आल्या होत्या.

त्यानं ते चष्मा वर करून वाचलं. मग पुन्हा वाचलं. निविदा विभागातला माणूस, त्याची नजर जायची तिथेच गेली.

“तारीख मी पेढे आणले त्या दिवसाची आहे.”

“हो.”

“म्हणजे तू मुद्दाम नव्हतं केलंस. कमी आकडा वर घेतलास.”

“सवयीनं.”

“मूर्खा,” तो म्हणाला, आणि माझा जीव भांड्यात पडला, कारण अहोजाहो संपलं होतं. मग त्यानं कागदाच्या घडीवरून बोट फिरवलं. “मग हे तेव्हाच दिलं का नाहीस?”

“तू पेढा घातलास तोंडात.”

त्यानं शुद्धिपत्रकाची पुन्हा घडी घातली. आतून साधनानं विचारलं, चहा दोन कप टाकू की तीन. तो चपला काढून आत आला आणि नेहमीच्या खुर्चीत बसला.

“सही छान आली होती माझी,” तो म्हणाला. “वळण बघितलंस? चाळीस फुटांवर.”

“बघितलं.”

“किशोर म्हणतो, सातव्या भागाचं शूटिंग पण सिन्नरलाच आहे.” त्यानं बशीत चहा ओतला, फुंकर घातली. “तू त्या दिवशी घरी बस.”